बेहडा, कली आणि उरलेला एक

आमचा पाच जणांचा एक ग्रुप आहे. दर दुसऱ्या रविवारी संध्याकाळी कोथरूडमधल्या एका मित्राच्या घरी आम्ही टेबलटॉप रोलप्लेइंग गेम खेळतो. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: एक जण गोष्ट रचतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात, आणि अवघड प्रसंग आला की काय घडतं ते फासे ठरवतात. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा यातला सगळ्यात प्रसिद्ध खेळ, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी १९७४ साली काढलेला. आम्ही नियम थोडे तिथले घेतो, थोडे आपले.

या वेळी गोष्ट रचायची पाळी माझी होती आणि सगळ्यांनी मिळून अट घातली, की खलनायक फळाच्या थीमचा हवा. का, तर मागच्या महिन्यात मी सगळ्यांना माझ्या पीएचडीबद्दल, म्हणजे हिरड्याच्या झाडावरची फळं मोजण्याबद्दल, इतकं पकवलं होतं की हा सूड होता.

पहिल्या पंधरा मिनिटांत आलेली नावं: सेनापती फणस, कोहळासुर, हापूसराव, आणि एक ‘रामफळ, पण रावणाच्या बाजूचा’. हसायला येतं, पण अशा नावाचा खलनायक दुसऱ्या सेशनपर्यंत टिकत नाही. ‘सेनापती फणस’ दारात उभा राहिला तर कोणी घाबरणार नाही, सगळे गरे मागतील. यात चूक नावाच्या आवाजाची नाही. फळ आणि दुष्टपणा यांचा एकमेकांशी संबंधच नव्हता, आम्ही दोन चिठ्ठ्या उचलून चिकटवल्या होत्या.

मग मी जे केलं ते या ब्लॉगवर लिहिण्यासारखं वाटतं, कारण ते लिटरेचर रिव्ह्यूपेक्षा वेगळं नव्हतं. रिसर्च सुरू करताना आपण ‘मी काय नवीन करू’ असा विचार करतो. त्याआधीचा प्रश्न असतो, ‘हे आधी कोणी केलंय का?’ मी प्रश्न असा लिहिला: आपल्याकडच्या जुन्या साहित्यात असा खलनायक आहे का, ज्याचा एखाद्या विशिष्ट फळाशी संबंध आहे, आणि तो संबंध काढून घेतला तर गोष्टच उभी राहत नाही? ‘काढून घेतला तर’ ही अट महत्त्वाची. तिच्यामुळेच पहिला उमेदवार बाद झाला. भागवतातला धेनुकासुर ताडाच्या वनात राहतो, तिथली फळं कोणाला खाऊ देत नाही, बलराम त्याला मारतो. छान आहे, पण ताडाऐवजी आंबा ठेवला तरी गोष्ट तशीच राहते. तो फळांचा राखणदार आहे, बस्स.

दुसरा उमेदवार सापडला तो अमरकोशात, आणि तेही मी हिरड्याचे पर्यायी शब्द बघत होते म्हणून. हिरड्याच्या शेजारी बेहडा असणारच, त्रिफळ्यात तो आवळा आणि हिरड्याच्या जोडीला असतोच. दोघं एकाच टर्मिनॅलिया प्रजातीतले. बेहड्याला अमरकोशात विभीतकाबरोबर दिलेले शब्द बघा: अक्ष, तुष, कर्षफल, भूतावास, कलिद्रुम. कर्षफल म्हणजे एक कर्ष वजनाचं फळ, ते ठीक. पण ‘भूतांचं घर’ आणि ‘कलीचं झाड’? औषधी झाडाला असली नावं कोण ठेवतं? आणि ‘अक्ष’ म्हणजे तर फासा.

इथे माझी रविवारची हौस संपली आणि खरं काम सुरू झालं.

फाशापासून सुरुवात करू. आपल्या डोळ्यांसमोर फासा म्हटलं की सहा बाजूंचा, ठिपके असलेला ठोकळा येतो. वेदकाळातले फासे तसे नव्हते. ती बेहड्याची सुकी फळं होती, त्यांच्यावर कसल्याही खुणा नाहीत. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याचं जे सूक्त आहे (३४वं), त्यात पहिल्याच ऋचेत बेहडा नावानिशी येतो. त्याहून मजेदार जागा सातव्या मंडलात आहे, ८६व्या सूक्तात. वसिष्ठ वरुणाला सांगतो की माझ्या हातून घडलं ते मी मुद्दाम केलं नाही, आणि मग माणसाला चुकायला लावणाऱ्या गोष्टींची यादी देतो: दारू, राग, बेहडा, अविचार. म्हणजे जुगार असा शब्दसुद्धा नाही, थेट फळाचंच नाव आरोपीच्या पिंजऱ्यात. आम्हाला फळाच्या थीमचा खलनायक हवा होता ना?

पण खुणा नसलेल्या फळांनी खेळायचं कसं? जर्मन अभ्यासक हाइनरिख ल्यूडर्स यांनी १९०७ मध्ये प्राचीन भारतातल्या द्यूतावर एक निबंध लिहिला. त्यांनी लावलेली संगती थोडक्यात अशी: ढिगातून मूठभर फळं उचलायची आणि मोजायची. चारने पूर्ण भाग गेला तर डाव ‘कृत’, तो सगळ्यात चांगला. तीन उरले तर ‘त्रेता’. दोन उरले तर ‘द्वापर’. एक उरला तर ‘कलि’, म्हणजे हरलात. चार युगांची नावं इथून आली आहेत. आपण ‘घोर कलियुग’ म्हणतो तेव्हा खरं तर ‘हरण्याचा डाव चालू आहे’ असं म्हणत असतो. कृत हा जिंकणारा डाव आणि बाकीचे त्याच्या पोटात जातात, ही उपमा छांदोग्य उपनिषदातल्या रैक्वाच्या गोष्टीतही आहे, म्हणजे ही पद्धत त्या काळच्या ऐकणाऱ्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. प्रत्यक्ष खेळाच्या तपशिलांवर अभ्यासकांमध्ये वाद आहेत, पण चारने भागायचा हा सांगाडा बऱ्यापैकी पक्का धरला जातो.

तर कली हा मुळात एक बाकी आहे. चारने भागल्यावर बाकी एक. (काली देवीशी याचा संबंध नाही, ती गल्लत फार होते. संस्कृतात कलि म्हणजे भांडणसुद्धा, आणि आपल्या ‘कळीचा नारद’मधली कळीही तीच, फुलाची नव्हे.) जुगाऱ्याच्या सूक्तात तर या उरलेल्या एकासाठी वेगळाच शब्द आहे, ‘एकपर’. त्या एकपर फाशापायी मी माझ्या चांगल्या बायकोला दुरावलो, असं तो जुगारी म्हणतो.

इथपर्यंत पोचल्यावर मी एक चूक केली. विभीतक या शब्दाची एक व्युत्पत्ती आयुर्वेदाच्या पुष्कळ पुस्तकांत सापडते: वि + भीत, म्हणजे ज्याच्यामुळे रोगाची भीती जाते तो. मला ती इतकी आवडली, की मी खलनायकाची पूर्ण पार्श्वकथा त्यावर बांधली. लोकांची भीती घालवून टाकणारं फळ, आणि भीती गेलेली माणसं बेफाम जुगार खेळतात, वगैरे वगैरे. चार पानं लिहिली, ग्रुपवर टाकली. आमच्यातली एक जण संस्कृतची एमए आहे. तिचा एका ओळीचा मेसेज आला: “ऋग्वेदात ‘विभीदक’ आहे, द. मग भीत कुठून आणलास?”

मी जाऊन पाहिलं. दोन्ही सूक्तांत ‘द’च आहे. ‘त’ असलेलं रूप नंतरच्या ग्रंथांत येतं, आणि पुढे प्राकृतातून घासत घासत आपला बेहडा झाला. जुन्या रूपात ‘भीत’ दिसतच नाही. याचा अर्थ ती व्युत्पत्ती शंभर टक्के चूक असा नाही, पण आता सिद्ध करायची जबाबदारी तिच्यावर आली, आणि ती पुस्तकं ‘द’ची काही दखलच घेत नाहीत. बहुधा शब्द आधी होता, अर्थ नंतर बसवला. रिसर्च करायला निघालेल्यांनी हे लक्षात ठेवा: एखादं स्पष्टीकरण दहा ठिकाणी छापलेलं असणं हा दहा पुरावे नसतात. बहुतेक वेळा तो एकच पुरावा दहा वेळा कॉपी झालेला असतो, किंवा एकही नसतो. चार पानं डिलीट.

आता गोष्टीकडे. नळ-दमयंतीमधला हंस आपल्याला शाळेपासून माहीत असतो, रघुनाथ पंडितांच्या कृपेने. स्वयंवरानंतरचं आपण विसरतो. दमयंतीने देवांना सोडून नळाला वरलं म्हणून कली चिडतो आणि द्वापराला म्हणतो, तू फाशांत शिर, मी नळात शिरतो. आता डावांची नावं डोक्यात ठेवून हे वाक्य पुन्हा वाचा. हरायला लावणारे दोन डाव आपसात ठरवतायत, कोण माणसात शिरणार आणि कोण फाशात! मी हे लहानपणापासून ऐकत आले होते आणि दोन राक्षसांची नावं समजत होते.

नळ राज्य हरतो, दमयंतीला सोडतो, रूप बदलून बाहुक नावाने अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची बातमी येते आणि दोघं रथातून विदर्भाकडे, आपल्या इकडेच, निघतात. वाटेत बेहड्याचं झाड लागतं. ऋतुपर्ण नुसतं बघून सांगतो, या दोन फांद्यांवर पाच कोटी पानं आहेत आणि दोन हजार पंचाण्णव फळं. बाहुकाचा विश्वास बसत नाही. तो रथ थांबवतो, झाड पाडतो आणि मोजतो. आकडा बरोबर येतो. ऋतुपर्ण म्हणतो, मला फाशांचं रहस्य येतं, म्हणून मोजणंही येतं. ती विद्या तो बाहुकाला देतो, आणि ती मिळाल्याक्षणी कली नळाच्या शरीरातून बाहेर पडतो आणि बेहड्यात शिरतो. तेव्हापासून हे झाड बदनाम. (नुकतंच पाडलेल्या झाडात तो शिरला कसा, हा प्रश्न आमच्या ग्रुपने लगेच काढला. माझ्याकडे उत्तर नाही.)

फासे म्हणजे मुठीतली फळं पटकन मोजणं असेल, तरच झाडावरची फळं मोजता येणं आणि द्यूत येणं ही एकच विद्या ठरते. सहा बाजूंचा फासा धरला तर या प्रसंगाचा काही अर्थच लागत नाही. आणि कली म्हणजे बाकी उरलेला एक असेल, तर ज्याला अचूक मोजता येतं त्याच्यात तो राहूच शकत नाही. बेहडा काढून घ्या, गोष्ट कोसळते. माझी अट पूर्ण झाली होती.

हे मूळ जागी बघायचं तर पुण्यात राहणाऱ्याला फार लांब जावं लागत नाही. महाभारताची चिकित्सक आवृत्ती विधी महाविद्यालय रस्त्यावरच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात तयार झाली. काम १९१९ला सुरू झालं, १९६६ला पूर्ण झालं. आरण्यकपर्व स्वतः विष्णु सीताराम सुखटणकरांनी संपादित केलं, १९४२ साली. नळाची गोष्ट त्यातच आहे आणि बेहड्याचा प्रसंग ७०व्या अध्यायात. सुखटणकर केंब्रिजला गणित शिकलेले, मग बर्लिनला जाऊन ल्यूडर्स यांच्याच हाताखाली डॉक्टरेट केलेले. फाशांवर लिहिणारा गाईड आणि फाशांच्या पर्वाचा संपादक विद्यार्थी! हे कळल्यावर मी लायब्ररीत एकटीच हसले.

चिकित्सक आवृत्ती म्हणजे काय, हे विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी एकदा तरी बघावं. पानाच्या वरच्या भागात ठरवलेली संहिता, आणि खाली कोणत्या हस्तलिखितात काय वेगळं आहे त्याची बारीक टाइपातली यादी. आपण पेपरमध्ये फक्त सरासरी छापतो आणि रॉ डेटा ‘विनंती केल्यास उपलब्ध’ म्हणतो. यांनी सगळा रॉ डेटा त्याच पानावर ठेवलाय.

मूळ बघायची गरज का पडली, तेही सांगते. इयन हॅकिंग यांचं ‘द इमर्जन्स ऑफ प्रॉबॅबिलिटी’ (१९७५) हे पुस्तक संभाव्यताशास्त्राच्या इतिहासावरचं नावाजलेलं पुस्तक आहे. त्यात ऋतुपर्णाची गोष्ट येते, फासे आणि सॅम्पलिंग यांचा संबंध भारतात इतक्या आधी कोणाच्या तरी लक्षात आला होता, या मुद्द्यासाठी. हॅकिंग म्हणतात, त्याने बहुधा एका डहाळीवरून अंदाज बांधला असावा. मी ती डहाळी संस्कृतात शोधली. नाही सापडली. ऋतुपर्ण झाड बघतो आणि आकडा सांगतो, कसा ते कवी सांगत नाही. डहाळी हा आधुनिक वाचकाचा तर्क आहे. तर्क वाईट नाही, पण तुम्ही थिसिसमध्ये ‘महाभारतात सॅम्पलिंगची पद्धत दिली आहे’ असं लिहिलंत तर व्हायवात पकडले जाल, आणि पकडायलाच हवं. शिवाय दोन फांद्यांवर पाच कोटी पानं! मी झाडांखाली दोन वर्षं काढली आहेत. नाही हो.

डहाळीवरून झाडाचा अंदाज बांधायची पद्धत खरोखर लिहून ठेवली ती रेमंड जेसन यांनी, १९५५ मध्ये, ‘बायोमेट्रिक्स’ या नियतकालिकात. बुंध्यापासून सुरुवात करायची. पहिल्या बेचक्यात जितक्या फांद्या फुटतात त्यातली एक चिठ्ठी टाकून निवडायची. पुढच्या बेचक्यात पुन्हा तेच. शेवटच्या डहाळीपर्यंत पोचलं की तिथली फळं मोजायची आणि त्या डहाळीपर्यंत पोचायची जी शक्यता होती तिने भागायचं. समजा वाटेत अनुक्रमे दोन, तीन, दोन आणि चार फांद्यांतून निवड केली. शक्यता झाली अठ्ठेचाळिसात एक. डहाळीवर ३५ फळं निघाली तर झाडाचा अंदाज ३५ गुणिले ४८, म्हणजे १६८०. एका वाटेचा आकडा वाटेल तसा वरखाली होतो, म्हणून अशा अनेक वाटा चालायच्या आणि सरासरी घ्यायची. ती सरासरी एका बाजूला झुकत नाही, एवढी या पद्धतीची हमी.

ही हमी चिठ्ठीमुळे आहे, आणि चिठ्ठी न टाकण्याची किंमत मी मोजलेली आहे. पीएचडीच्या पहिल्या वर्षी भीमाशंकरच्या बाजूला मी हिरड्याची चाळीस झाडं मोजली. फांद्या ‘रँडम’ निवडल्या असं वहीत लिहिलं. म्हणजे काय, तर डोळे मिटून बोट दाखवलं, आणि बोट ज्या फांदीकडे गेलं ती हाताला लागत नसली तर शेजारची घेतली. सीझन संपताना गावातल्या एका मावशींनी माझी वही बघून विचारलं, काय लिहितेस? मी सांगितलं. त्या म्हणाल्या, “अगं बाई, खालच्या फांदीचा हिरडा आम्ही कवाच काढून नेलाय की. तू उरलेला मोजतीयास.”

त्या भागात बाळहिरडा गोळा करून विकणं हे घराघराचं उत्पन्न आहे. जी फांदी माझ्या हाताला येत होती ती आधी त्यांच्या हाताला आली होती. माझे सगळे आकडे कमी होते, आणि किती कमी ते कळायचा मार्ग नव्हता. पूर्ण सीझन गेला. प्रोग्रेस सेमिनारमध्ये मी ते तसंच सांगितलं. एका परीक्षकांनी विचारलं, फांदी तुम्ही निवडलीत की फांदीने तुम्हाला? उत्तर नव्हतं. सहा महिन्यांचं एक्स्टेन्शन घ्यावं लागलं, फेलोशिप वाढली नाही. आता मी खिशात आमच्या खेळातलेच फासे घेऊन जंगलात जाते, चार बाजूंचा आणि सहा बाजूंचा. बेचक्यात उभं राहून फासा टाकते, आणि फांदी उंचावर निघाली तर शिडी आणि माझ्याहून धीट माणूस शोधते.

खेळाचं सांगायचं राहिलं. खलनायकाचं नाव ठेवलं ‘एकपर’. तो राहतो त्या झाडाला ‘भूतावास’. ही दोन्ही नावं माझी नाहीत, पण खेळणाऱ्या कोणालाच ती आधी माहीत नव्हती, आणि ऐकल्यावर कोणी हसलं नाही. नियम असा केला: काष्ठौषधीच्या दुकानातून पाव किलो बेहडा आणला, एका परातीत ठेवला. संकट आलं की खेळाडूने मूठ भरायची, चार-चारचे ढीग लावायचे. एक उरला की एकपर येतो.

पहिल्या रविवारी हे मस्त चाललं. दुसऱ्या रविवारी लक्षात आलं की आमच्यातला एक जण कधी हरतच नाहीये. तो सावकाश मूठ भरत होता, बोटांनी चाचपून, आणि दर वेळी बारा नाहीतर सोळा काढत होता. विचारलं तर शांतपणे म्हणाला, “तूच सांगितलंस ना, ऋतुपर्णाला मोजता यायचं म्हणून.”

आता मूठ शेजारचा भरतो.